एका घरात दोन शेगड्या

धाकट्यानं आणलेली शेगडी नवीकोरी होती, आणि सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

"ही काय दुकानात मांडायला आणलीस?" ताई म्हणाली. ती सकाळी सकाळी नदीपलीकडून, सासरहून आली होती, ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवून. "बर्नर बघ कसे चकाकतायत. आंधळ्यालाही कळेल, आज आणलीय म्हणून."

"मग जुनी कुठून आणू?" धाकटा वैतागला. "गल्लीत कुणी उसनी देईना. सगळ्यांनाच आज एकेक जास्तीची लागतेय."

हे मात्र खरं होतं. मोर्चे झाले होते, कोर्ट झालं होतं, स्थगिती आली होती आणि गेली होती. नदीकाठाची ही सगळी वस्ती उठणार, हे आता लहान पोरांनाही पाठ झालं होतं. इथं झाडं लागणार होती, बाकं बसणार होती, आणि पलीकडच्या टेकडीवरच्या लोकांना सकाळी पळायला लांबच लांब रस्ता होणार होता. इथल्या लोकांना शहराच्या पार कडेला, कचऱ्याच्या मैदानाजवळच्या नव्या वसाहतीत, वरच्या मजल्यांवर खोल्या. नियम सोपा होता. एक चूल म्हणजे एक कुटुंब, आणि एका कुटुंबाला एक खोली आणि स्वयंपाकघर. माणसं किती, ते कुणी विचारत नव्हतं.

आणि पहिल्या मोजणीत या घरात चूल एकच निघाली होती.

ती एक आईनं सांगितली होती. मोजणीचा पोरगा वही घेऊन दारात आला, तेव्हा घरात ती एकटीच. त्यानं विचारलं, "आजी, चुली किती?" तिला तो प्रश्न म्हणजे घरावर शिंतोडाच वाटला. दोन मुलं, दोन सुना, नातवंडं, आणि एवढ्या वर्षांत कधी भांडं वेगळं झालं नाही, हा तिचा एकुलता एक मोठेपणा. सासरा पाण्याची मोठी लाइन टाकायच्या कामावर इथं आला, टाकायच्या राहिलेल्या पाइपातच त्यानं संसार मांडला, त्या पाइपातही चूल एक होती आणि आताही एकच आहे, असं तिनं त्या पोराला ऐकवलं. वर चहा पाजला. "नीट लिही," म्हणाली, "एक." त्यानं नीट लिहिलं.

शेजारच्या शिंपिणीच्या तीन सुना रोज एकमेकींच्या झिंज्या उपटत. तिला तीन खोल्या मिळाल्या. भांडणाला एवढा भाव येईल असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं, नाहीतर या घरानंही थोडी सवय ठेवली असती.

आता फेरतपासणी होती. ताई शहर नियोजनाच्या ऑफिसात नकाशे काढायला होती, तिनं अर्ज करवला होता, साहेबांच्या मागे लागून तारीख मिळवली होती. आज जेवणाची वेळ झाल्यावर तपासणीच्या बाई येणार. दोन शेगड्या दिसल्या, दोन संसार पटले, तर दोन खोल्या. नाही पटले, तर आठ माणसं एका खोलीत, आणि त्यातलं एक अजून रांगत होतं.

"दूध आण," ताई धाकटीला म्हणाली. "उतू जाऊ दे शेगडीवर. दोनदा. जळकं पुसायचं नाही."

"चांगलं दूध?" आई खाटेवरून म्हणाली.

"नासकं कुठं मिळेल आता, आई?"

"बाळाच्या तोंडचं दूध शेगडीवर ओतताय. छान."

"तुझ्यामुळेच ओततोय," असं ताईच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. हे वाक्य गेले कित्येक महिने या घरातला प्रत्येक जण गिळत होता, आणि आईला ते रोज ऐकू येत होतं.

"एक सांगून ठेवते," आई म्हणाली. "त्या बाईनं मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. चूल फुटली असं या तोंडानं म्हणणार नाही."

"तू बोलूच नकोस. ऐकायला कमी येतं म्हणून सांगू."

"म्हणजे तेही खोटंच."

दूध वर आलं, फसफसलं, आणि नव्या शेगडीवरून खाली ओघळलं. घरभर करपट वास सुटला.

थोरलीला वाटणी करायला बसवलं होतं. स्वयंपाकघर तिच्या हातातलं. लग्न होऊन आली तेव्हापासून डबा कुठला कुठं हे डोळे मिटून सांगायची. आता त्यातले अर्धे डबे खिडकीखालच्या फळीवर जायचे होते, नाटकापुरते. पण नाटकातसुद्धा साखर कुणाला किती, तेल कुठल्या बाटलीत, हे ठरवावंच लागत होतं.

"हा मोठा डबा तुमच्याकडेच ठेवा, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "मला तो छोटा पुरे."

"छोट्यात तुझं काय भागणार?"

"तिघांचं भागतं की."

तिघांचं. थोरलीनं तिच्याकडे बघितलं. धाकटी टेकडीवरच्या लाँड्रीत इस्त्री करायची, दिवसभर उभी असायची, घरी आली की थोरलीनं वाढलेलं मुकाट्यानं खायची. मीठ जास्त झालं तरी बोलायची नाही. आणि आता खिडकीखाली ती डबे लावत होती ते उंचीप्रमाणे, झाकणं एका बाजूला करून. मिठाची बरणी हाताशी, चमचे एका पेल्यात उभे. थोरलीनं कधी चमचे उभे ठेवले नव्हते. धाकटी गुणगुणत होती हे तिचं तिलाही कळलं नसेल.

हिला केव्हापासून हे हवं होतं? थोरलीला आधी राग आला. मग रागाबरोबर काहीतरी सैल झाल्यासारखंही वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली. आठ माणसांचं करून करून तिचे हातही थकून गेले होते. तिनं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

ती मागच्या दारात गेली. थोरला पायरीवर बसून बूट पुसत होता. तो बस डेपोत मेकॅनिक. आज रजा टाकली होती, आणि रजेच्या दिवशी काय करायचं ते त्याला कधीच सुचायचं नाही.

"अहो, मिळतील ना दोन?"

"मिळायला पाहिजेत. नाहीतर पोरीचा अभ्यास जिन्यात."

"दोन मिळाल्या तर आपल्या खोलीत पोरांचं एकेक टेबल बसेल का?"

"एक बसेल. दुसरं भिंतीला घडीचं करू." त्यानं हे आधीच मोजून ठेवलं होतं, हे तिला कळलं.

"आणि आई?"

त्यानं बुटाला परत एकदा फडकं मारलं. "आई धाकट्याकडे बरी. बाळाला बघायला माणूस लागेलच त्यांना. धाकटी कामाला गेली की बाळाला कोण बघणार? त्यांचीही सोय, आईलाही करमेल."

"हो. तेही खरंच."

"तू बोललीस का धाकटीशी?"

"मी कशाला बोलू? त्यांच्याही लक्षात आलंच असेल की."

दोघांनाही बरं वाटलं. बाळाचं नाव निघालं म्हणजे त्यात वाईट असं काही उरत नाही.

पुढच्या खोलीत धाकटा पडदा ठोकत होता. खोलीच्या मधोमध पडदा, अलीकडे एक संसार, पलीकडे दुसरा. तो दिवसभर शहरभर पार्सलं पोचवायचा. टेकडीवरच्या सोसायट्यांत त्याला लिफ्टनं जाऊ देत नसत, मागच्या जिन्यानं चढायला लावत, त्यामुळे गुडघ्यांचं वय त्याच्या वयापेक्षा बरंच पुढे गेलं होतं. धाकटी बाळाला कडेवर घेऊन खिळे पुरवत होती.

"सरळ लाव जरा," ती म्हणाली. "तपासणीपुरता असला म्हणून काय वाकडा लावायचा?"

"उद्या काढायचाच आहे."

तिनं पुढचा खिळा त्याच्या हातात दिला. मग हळूच म्हणाली, "वसाहतीत आपली खोली वेगळी असली ना, तर मी बाळाला खालच्या पाळणाघरात ठेवणार आहे. चौकशी केलीय मी. चांगल्या बाई आहेत."

"आईला काय सांगणार?"

"आई दादांकडे असतील ना. मोठा मुलगा ते. शिवाय जाऊबाईंच्या हाताची सवय आहे त्यांना, माझ्या हातचं कुठं खातायत त्या? कालच म्हणाल्या, डाळीला चव नाही म्हणून."

"दादानं काही म्हटलंय का तसं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? मोठ्याकडेच असतात सगळ्यांच्या आया."

धाकट्यानं खिळा ठोकला. आईवर त्याचा जीव होता. लहानपणी आजारात तिनं त्याला पाठीवर घेऊन पूल ओलांडला होता, ही गोष्ट तो बायकोला दर महिन्याला सांगायचा. पण रात्रीचं आईचं खोकणं, सकाळचं तिचं लवकर उठणं, बायकोचं उशीवर तोंड फिरवून झोपणं, हे सगळं एकाच खोलीत कसं मावायचं, ते त्याला दिसत नव्हतं. दादाकडेच बरं. दादा काही नाही म्हणणार नाही.

"बघ आता. सरळ झाला का?"

"झाला. छान दिसतोय," धाकटी म्हणाली.

ताई आईच्या खाटेच्या कडेवर टेकली. तिचे पाय दुखत होते, डोकं दुखत होतं, आणि ऑफिसातून सारखा फोन येत होता. तो ती घेत नव्हती.

"जेवलीस का?" आईनं विचारलं.

"जेवेन नंतर."

"तुझ्या नकाशात हे घर कसं दिसतं गं?"

ताईला हसू आलं. "दिसतच नाही. हिरवा पट्टा दिसतो."

"हिरवा कुणी केला?"

"रंग मीच भरते, आई. कुठं कुठला भरायचा ते वरून ठरून येतं. इथं हिरवा, टेकडीला पिवळा, वसाहतीला करडा. मी नाही भरला तर शेजारच्या टेबलावरची भरते. तिची सफाई माझ्यापेक्षा चांगली आहे."

"टेकडीवर आपल्या लाइनीचं पाणी जातं, तेही दिसतं?"

"दिसतं. निळी रेघ. इथूनच जाते."

"आणि आपल्याला टँकर." आई हसली, मग खोकली. "तुझा आजा म्हणायचा, मी एवढं पाणी वर चढवलं, एक दिवस मीही वर चढेन. आता चढायचंय खरं. कितव्या मजल्यावर देतायत?"

"मिळेल तो. लिफ्ट आहे."

"चालू?"

ताईनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला. वसाहतीची लिफ्ट तिनं पाहिली होती. तिथं शेवटची बस लवकर जाते, पाळणाघराच्या खिडक्या कचऱ्याच्या मैदानाकडे उघडतात, हेही तिनं पाहिलं होतं. तिला फक्त एवढंच करता येत होतं, की एकाच्या दोन खोल्या करायच्या. सासरी तिचा स्वतःचा संसार एका खोलीत सहा जणांत चालला होता. तिथं आईला न्यायचा विचार तिनं एकदाच केला होता, आणि मग तो विषय तिनं स्वतःपुरता मिटवून टाकला होता.

"बरं," आई म्हणाली, "ही माझी खाट? ती पडद्याच्या अलीकडे ठेवायची का पलीकडे?"

"अं?" ताईचा फोन पुन्हा वाजला होता. "राहू दे मध्येच. नंतर बघू."

"मध्ये पडदा येतो."

"थोडी सरकव मग. आई, प्लीज, आत्ता नको."

आईनं खाट सरकवली नाही. पडदा खाटेवरून गेला, उशी एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला. घाईगर्दीत ते कुणी बघितलं नाही.

तपासणीच्या बाई आल्या तेव्हा दोन्ही शेगड्या पेटल्या होत्या. एकीवर भात, दुसरीवर बटाटे. बाई पन्नाशीच्या, जाडसर, पायात सुजलेल्या पायांना न होणाऱ्या चपला. त्यांनी दारातच पाणी मागितलं, आणि दोन्ही बाजूंनी दोन पेले पुढे आले. ताईचा जीव भांड्यात पडला. हे तिनं शिकवलं नव्हतं, आपोआप झालं होतं.

बाई दोन्ही पेल्यांतलं थोडं थोडं पाणी प्यायल्या. मग त्यांनी खाली वाकून शेगडी बघितली, बर्नरखालच्या पत्र्यावर बोट फिरवलं, वास घेतला.

"दूध आजचंच आहे," त्या म्हणाल्या.

थोरलीनं उगाच भाताचं झाकण उचलून परत ठेवलं.

"असू दे," बाई म्हणाल्या. "वरच्या गल्लीत एकीनं शेगडीवर काजळ फासलं होतं, माझी साडी गेली." त्यांनी डबे उघडले, झाकले. "किराणा कोण आणतं?"

"आमचा मी," थोरला म्हणाला.

"आमचा मी," धाकटा म्हणाला.

"भांडण कशावरून झालं?"

यावर मात्र तयारी पक्की होती. "मिठावरून," धाकटी म्हणाली.

"मिठावरून," थोरली म्हणाली. "मी जास्त घालते असं हिचं म्हणणं."

"घालताच," धाकटी म्हणाली, आणि ते पाठ केलेलं नव्हतं. थोरली तिच्याकडे बघत राहिली.

बाई पुढच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसल्या. पेनाचं टोक त्यांनी नुसतं कागदावर टेकवून ठेवलं. ताईला वाटलं, झालं, पटलंय. नियमात विचारायचं ते सगळं विचारून झालं होतं. नियम तिनं स्वतः टाइप केले होते.

"आजी कुणाकडे जेवतात?" बाईंनी विचारलं.

हे नियमात नव्हतं.

"धाकट्याकडे," थोरला म्हणाला.

"दादाकडे," धाकटा म्हणाला.

दोघं एकदमच बोलले. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि दोघांच्याही तोंडावर सारखंच आश्चर्य होतं. लबाडी पकडली गेल्याचं नव्हतं ते. त्यांनी लबाडी केलीच नव्हती. सकाळपासून या घरात जे काही बोललं गेलं होतं, त्यातलं हे एवढंच खरं होतं.

भाताचं झाकण खडखडत होतं. थोरलीनं तिकडे बघितलं, पण उठली नाही. ताई पडद्याच्या काठाला धरून उभी होती. ती काहीतरी सावरून घेणार होती, असं काहीतरी की आई एक दिवस इकडे असते, एक दिवस तिकडे. पण ते तिनं सोडून दिलं. कुणाकडे, हे तीसुद्धा कधी बोलली नव्हती. खाट मध्येच राहू दे, असं तीच म्हणाली होती.

बाईंनी एक लांब श्वास सोडला.

"सकाळपासून बघतेय," त्या म्हणाल्या. "जिथं जाते तिथं पोरं भांडतात, आई माझ्याकडे, नाही माझ्याकडे. सगळं घोकून घेतलेलं. तिथं मी एकच कुटुंब लिहिलं. खरं वेगळं झालेलं घर मला कळतं." त्यांनी पेन उचललं. "तुमचं पटलं. दोन."

थोरल्यानं मान खाली घातली. दोन खोल्या मिळाल्या होत्या. पोरीचं टेबल, पोराचं टेबल, धाकटीचं वेगळं स्वयंपाकघर, सगळं मिळालं होतं, आणि कुणालाच कुणाकडे बघवेना.

"आजींना कुठल्या नावाखाली घालू?"

"आमच्याकडे घाला," थोरला म्हणाला. उशीर झाला होता, हे त्याच्या आवाजातच होतं. "मोठा आहे मी."

"बाई, आमच्याकडे पण—" धाकटा म्हणाला. धाकटीनं बाळ एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. धाकट्याचं वाक्य तिथंच थांबलं.

"आजी, तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. त्या मुद्दाम जरा मोठ्यानं बोलल्या, कारण आजींना कमी ऐकू येतं असं त्यांना दारातच सांगण्यात आलं होतं.

"ऐकू येतं मला," आई म्हणाली. "नीट येतं. कुठंही लिहा, बाई. मला खोटं बोलावं लागणार म्हणून सकाळपासून जिवाला घोर लागला होता. तो टळला, बरं झालं."

"आई," ताई म्हणाली.

"तू गप्प बस गं. दमलीयस." आई खाटेवरून उतरली. एक हात पडद्यावर, एक गुडघ्यावर. "बाई उन्हातून आल्यात, त्यांना नुसतं पाणीच देताय का? चहा टाकते."

ती स्वयंपाकघरात गेली. सवयीनं थोरलीच्या शेगडीकडे वळली आणि मध्येच थांबली. मग खिडकीखालच्या शेगडीकडे बघितलं. हातात चहाचं भांडं तसंच होतं.

"अगं," तिनं दोन्ही सुनांना विचारलं, "कुणाच्या शेगडीवर ठेवू?"